प्लास्टिकपासून तेल : सोलापुरातून वारंवार येणारे प्रश्न

“प्लास्टिकचं डिझेल होतंय म्हणे?” हा प्रश्न सोलापुरात दर काही महिन्यांनी डोकं वर काढतो. विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार, बचत गटातल्या ताई, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि चिंचोळीकडे प्लॉट घेऊन ‘आता यात काय टाकावं’ म्हणून बसलेले लोक. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवलं आहे.

खरंच तेल निघतं का, की नुसतीच बातमी?

निघतं. पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, डिझेल म्हणजेही कार्बन आणि हायड्रोजन. फरक साखळीच्या लांबीत आहे. डिझेलच्या रेणूत साधारण दहा-वीस कार्बन असतात, पॉलिथिनच्या साखळीत हजारो. हवा न लागू देता ही साखळी चारशे-पाचशे अंश सेल्सिअसला तापवली की तिचे तुकडे पडतात, वाफ होते, आणि ती वाफ थंड केली की तेल मिळतं. याला पायरोलिसिस म्हणतात. हवा आत गेली तर तेल मिळणार नाही, आग मिळेल.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी उत्प्रेरक (स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ) वापरून प्लास्टिकपासून इंधन करण्याची पद्धत मांडली, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र’ या कंपनीने पुण्यातल्या घरांतून प्लास्टिक गोळा करून जेजुरीला तेल काढायला सुरुवात केली. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीबरोबर दिवसाला एक टन प्लास्टिक घेणारा प्रकल्प ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केला. म्हणजे ‘होतं का’ हा प्रश्न संपलेला आहे. ‘कशाचं होतं, किती होतं आणि कुणाला परवडतं’ हे प्रश्न शिल्लक आहेत.

नुसतं तापवूनच तुकडे पडतात, तर मग उत्प्रेरक कशाला?

नुसत्या उष्णतेने साखळी कुठेही तुटते. पॉलिथिन असं तोडलं तर वायू, पातळ तेल, घट्ट तेल आणि मेण यांचा एकत्र काला निघतो. मेण थंड झालं की पाइपातच गोठतं, आणि मग प्लांट बंद करून पाइप साफ करत बसावं लागतं. गिरणगावाच्या भाषेत सांगायचं तर दोरा हाताने ओढून तोडणं आणि कात्रीने कापणं यात जो फरक, तोच उष्णता आणि उत्प्रेरक यांच्यात.

या कामातले बरेच उत्प्रेरक आम्लधर्मी असतात. झिओलाइट (अतिसूक्ष्म छिद्रांचं, सिलिका-ॲल्युमिनाचं स्फटिकी खनिज), साधं सिलिका-ॲल्युमिना, काही प्रकारच्या माती. त्यांच्या पृष्ठभागावरच्या आम्ल जागा साखळीला धरतात, तोडतात, आणि तुकड्यांना फाटे फोडून त्यांची रचनाही बदलतात. त्यामुळे कमी तापमानाला काम होतं, मेण कमी होतं आणि तेल जास्त ठरावीक पट्ट्यातलं, म्हणजे साधारण सारख्या लांबीच्या साखळ्यांचं, मिळतं. हे ज्ञान प्लास्टिकवाल्यांनी शोधलेलं नाही. जड खनिज तेल उत्प्रेरकाने तोडण्याचं तंत्र रिफायनऱ्या १९४० च्या दशकापासून वापरत आहेत. प्लास्टिकच्या प्लांटमध्येही अनेक ठिकाणी रिफायनरीतून बाहेर टाकलेला, वापरून झालेला उत्प्रेरकच वापरून पाहिला जातो, कारण तो स्वस्त पडतो आणि त्याचा जोर थोडा ओसरलेला असतो. हा ओसरलेला जोर इथे फायद्याचा का ठरतो, ते पुढच्या उत्तरात.

उत्प्रेरक जितका जोरदार, तितकं तेल जास्त ना?

उलट. यंत्र विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत.

झेडएसएम-५ हा झिओलाइट सगळ्यांना माहीत असतो. त्याची छिद्रं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, आम्लता जबरदस्त. तो साखळीचे इतके बारीक तुकडे करतो की त्यातला मोठा भाग एलपीजीसारखा वायू होऊन उडतो. जे तेल उरतं त्यात पेट्रोलच्या पट्ट्यातले, बेंझिन-टोल्युइनसारख्या वलयाच्या रचनेचे पदार्थ जास्त. प्रोपिलीन हवं असेल त्याला हा उत्प्रेरक चांगला. ज्याला बॉयलरसाठी तेल हवं आहे त्याने त्याच्यावर पैसे घालवून स्वतःचंच तेल कमी करून घ्यायचं, असा प्रकार होतो. मध्यम आम्लता आणि मोठी छिद्रं असलेला साधा उत्प्रेरक डिझेलच्या पट्ट्यातलं तेल जास्त देतो.

आणखी एक अडचण आहे. वितळलेल्या पॉलिथिनची अखंड साखळी त्या इवल्याशा छिद्रात शिरतच नाही. ती आधी उष्णतेने किंवा बाहेरच्या पृष्ठभागावर तुटते, मग तिचे तुकडे आत जातात. म्हणून काही जण उत्प्रेरक प्लास्टिकमध्येच मिसळतात, तर काही आधी नुसतं तापवून वाफ करतात आणि ती वाफ उत्प्रेरकाच्या थरातून नेतात. शहरी कचऱ्यासाठी माझं मत ठामपणे दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने आहे. मिसळलेला उत्प्रेरक माती, रंग, खडूची पूड आणि काजळी यांत गाडला जातो आणि पुन्हा हाती लागत नाही.

उत्प्रेरक किती दिवस टिकतो?

तुमचा कचरा किती घाण आहे त्यावर ते ठरतं. त्याच्यावर कार्बनची काजळी बसते, छिद्रं बुजतात, जोर जातो. पाच-सहाशे अंशाला हवेत ही काजळी जाळून टाकली की तो बराचसा पूर्ववत होतो. पण मातीतून आलेले सोडियम-पोटॅशियम आणि नायलॉनमधून आलेला नायट्रोजन त्या आम्ल जागाच मारतात. नायट्रोजन काजळीबरोबर जळून जाऊ शकतो, सोडियम-पोटॅशियम जाळून निघत नाहीत.

आपल्या एनटीपीसीची राख उत्प्रेरक म्हणून चालेल का?

प्रश्न चांगला आहे. फताटेवाडी-आहेरवाडीच्या १३२० मेगावॉटच्या प्रकल्पातून राख निघते, आणि कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात, म्हणजे उत्प्रेरकाचाच कच्चा माल. राख थेट वापरून आणि राखेपासून झिओलाइट बनवून, अशा दोन्ही रीतींनी प्लास्टिक तोडण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत. थेट राख तशी मंदच काम करते. कॉस्टिक सोड्याबरोबर उकळून तिचा झिओलाइट केला तर सुधारते, पण मग कॉस्टिकचं सांडपाणी निस्तरावं लागतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला उत्तम विषय. कारखान्याचा हिशोब त्यावर मांडू नका.

कोणतं प्लास्टिक घ्यायचं?

पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन, हे दोन पहिले. दुधाच्या पिशव्या, किराण्याच्या पातळ पिशव्या, सुताच्या कोनांवरचं गुंडाळणीचं प्लास्टिक, विणलेल्या गोण्या, डबे, झाकणं, बादल्या. पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोल आणि कडक पांढरे कप, हेही चालतं. त्याचं तेल सहज आणि भरपूर निघतं, पण ते बहुतांश स्टायरिन असतं, उग्र वासाचं.

गोण्यांबद्दल एक सूचना. विणलेल्या गोणीत स्वस्ताईसाठी खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड घातलेली असते. ती तेल देत नाही, रिअॅक्टरच्या, म्हणजे प्लास्टिक तापवायच्या बंद भांड्याच्या, तळाशी राख म्हणून साठते. गोणी वजनात जड भरते, तेलात हलकी.

पण “मिश्र प्लास्टिकपासून तेल” असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग सगळं एकत्र टाकायला काय हरकत?

इथेच बहुतेक प्रकल्प बसतात. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरिन यांचं मिश्रण चालतं, इतकाच त्या ‘मिश्र’चा अर्थ. घंटागाडीतून जसं येतं तसं चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. उत्प्रेरक रेणू तोडतो, कचरा निवडत नाही.

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या पेट प्लास्टिकच्या असतात. पेटच्या वजनाचा जवळपास एक तृतीयांश भाग ऑक्सिजन असतो. तापवल्यावर त्यातून तेल फारसं निघत नाही. टेरेफ्थॅलिक आणि बेंझोइक आम्लं वाफेतून निघून कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत पांढरी पूड होऊन बसतात आणि नळी चोंदते. शिवाय या बाटल्यांना भंगारात भाव आहे, त्यांचा धागा होतो. त्यांना भट्टीत घालणं दोन्हीकडून तोट्याचं.

वेफर्सची, मसाल्याची चकचकीत पाकिटं ही अनेक थरांची असतात. पॉलिथिन, पेट, मध्ये ॲल्युमिनियम. थोडी आली तर भागतं, कारण ॲल्युमिनियम अवशेषात राहतं. जास्त आली की तेल घटतं. आपल्या शेंगा चटणीची साधी पारदर्शक पिशवी असेल तर ती बहुधा पॉलिथिनची, पण तेलकट पिशवीला धूळ घट्ट चिकटते, त्यामुळे ती झटकून साफ होत नाही.

पीव्हीसीबद्दल सगळे इतके घाबरतात का?

घाबरायलाच हवं. पीव्हीसीच्या वजनात साधारण ५७ टक्के क्लोरीन असतं. तीनशे अंशाच्या आसपास ते हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतं आणि पाण्याचा अंश मिळाला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते रिअॅक्टरचं पोलाद खातं, उत्प्रेरक बिघडवतं आणि उरलेलं तेलात जाऊन बसतं. मग ते तेल ज्याच्या बॉयलरमध्ये जळेल त्याच्या नळ्या खातं. क्लोरीन असलेला माल हवेत अर्धवट जळाला तर डायॉक्सिनसारखी अतिविषारी संयुगं तयार होण्याचा धोका वेगळाच.

मोठ्या प्लांटमध्ये आधी कमी तापमानाला क्लोरीन काढून घेण्याचा टप्पा असतो आणि तो वायू चुन्याच्या किंवा कॉस्टिकच्या पाण्यातून नेतात. लहान प्लांटला हा खर्च जड जातो. त्याच्यासाठी सोपा उपाय म्हणजे पाइपांचे तुकडे, रेक्झिन, वायरची आवरणं, फ्लेक्सचे बॅनर आत येऊच न देणं. फ्लेक्स तर नक्कीच नको. आपल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे जे फलक लागतात, त्यात पीव्हीसीच असतं, आणि सोलापुरात या मालाचा तुटवडा कधी पडलेला नाही.

आमचा गणवेशाचा कारखाना आहे. कापडाची कात्रणं चालतील का?

नाही. गणवेशाच्या कापडात पॉलिस्टर आणि सूत असतं. पॉलिस्टर म्हणजे रासायनिकदृष्ट्या पेटच, त्याचे दोष वर सांगितले. सुतातून पाणी, आम्लं आणि कोळसा निघतो. चादर-टॉवेलच्या कारखान्यातल्या सुती चिंध्यांनाही हेच लागू. कात्रणांना गादी, पुसणी आणि धागा परत काढणारे गिऱ्हाईक शोधा. मात्र यंत्रमागाच्या कारखान्यात सुताबरोबर जे पॅकिंगचं प्लास्टिक येतं ते कोरडं, स्वच्छ आणि एकाच जातीचं असतं. यंत्रमागांच्या पूर्व भागातून तेवढंच वेगळं गोळा करायची व्यवस्था झाली, तर घंटागाडीच्या कचऱ्यापेक्षा कितीतरी चांगला माल मिळेल. अडचण अशी की तो माल भंगारवाल्यालाही हवा असतो.

डाळिंबाच्या बागेतला मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या?

दोन्ही पॉलिथिनच्या. ठिबकच्या नळ्या मात्र भंगारवालाच चांगल्या भावाने घेतो आणि त्यांच्या पुन्हा नळ्या किंवा पाइप होतात, त्या तेलाला देऊ नका. मल्चिंगचा कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा, उन्हाने फाटलेला आणि मातीने भरलेला. वजन केलं तर त्यात मातीच जास्त भरते. सांगोला-मंगळवेढ्याकडून ट्रॉलीभर मल्चिंग पेपर सोलापूरला आणणं म्हणजे डिझेल जाळून माती आणणं. शेतातच वाळवून, झटकून, गठ्ठे बांधून आला तर विचार करता येईल.

एक टनातून किती लिटर?

देहरादूनच्या प्रकल्पाचा जाहीर आकडा आहे एक टनाला सुमारे ८०० लिटर डिझेल. लिटरचं वजन साडेसातशे ते आठशे ग्रॅमच्या घरात धरलं तर वजनाने हे साठ ते पासष्ट टक्के होतं. बाकीचं वायू आणि काजळी. वायू वाया जात नाही, तो भट्टीखालीच जाळतात. पॉलिथिनच्या एका किलोत साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता असते आणि ते तापवून तोडायला त्यातला लहानसा वाटाच लागतो. त्यामुळे नीट बांधलेला प्लांट एकदा तापला की बराचसा स्वतःच्याच वायूवर चालतो.

पण हा आकडा निवडलेल्या, कोरड्या पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा आहे. कचऱ्याच्या गाडीतल्या ‘प्लास्टिक’चा हिशोब असा करून बघा. समजा एक टन आलं. त्यात २०० किलो माती आणि पाणी. उरलेल्या ८०० पैकी ३०० किलो बाटल्या, पाकिटं, पीव्हीसी. कामाचं राहिलं ५०० किलो, तेल ४०० लिटर. आणि ते ३०० किलो कुठे पाठवायचं, हा खर्च वेगळा. हे आकडे उदाहरणापुरते धरलेत. तुमच्या प्रभागातलं एक पोतं उलटं करून, निवडून, वजन करून स्वतःचे आकडे काढा. यंत्राचं कोटेशन त्यानंतर मागवा.

हे तेल मोटारसायकलमध्ये घालता येईल का?

नका घालू. व्हिडिओत गाडी सुरू झालेली दिसते, ती पुढच्या महिन्यात कुठे उभी आहे ते दिसत नाही.

कच्च्या तेलात पेट्रोलपासून जड तेलापर्यंत सगळं एकत्र असतं. हलक्या भागामुळे ते लवकर पेट घेतं. दुहेरी बंधांचे रेणू जास्त असल्याने साठवलं की काळं पडतं, डिंकासारखा गाळ धरतं, फिल्टर आणि इंजेक्टर चोंदवतं. भारतातल्या डिझेलला आयएस १४६० हे मानक लागू आहे. गंधक दहा लाखांत १० भाग, सीटेन क्रमांक (इंजिनात डिझेल किती सहज पेटतं त्याचं माप) किमान ५१, भडका बिंदू (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटते तो) किमान ३५ अंश. हे सगळं गाठायला तेलाचं ऊर्ध्वपातन आणि पुढे हायड्रोजनची प्रक्रिया लागते, ती रिफायनरीची कामं. मानकात न बसणारं तेल पंपाच्या डिझेलमध्ये मिसळून विकणं ही भेसळ आहे, आणि तो गुन्हा आहे.

मग घेणार कोण?

बॉयलर, भट्ट्या, डांबर तापवणारे प्लांट. सोलापुरात सायझिंग आणि रंगाईच्या बॉयलरांची संख्या पाहता गिऱ्हाईक दूर शोधायला नको. मात्र घेणाऱ्याने चार चाचण्यांचा अहवाल मागितल्याशिवाय टँकर उतरवून घेऊ नये : क्लोरीन, भडका बिंदू, पाणी आणि राख. उष्मांक सगळेच दाखवतात, क्लोरीन कुणी दाखवत नाही. इंधन बदलायचं तर प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रातही ते बदलून घ्यावं लागतं आणि बर्नर त्या तेलाला जुळवावा लागतो.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या पेट्रोकेमिकल कंपन्या. रिलायन्सने जामनगरला पायरोलिसिसचं तेल वापरून पुन्हा प्लास्टिक तयार केलं. तेल जाळण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त पटतो. पण त्यांना सातत्याने एकाच दर्जाचं, भरपूर तेल लागतं. दिवसाला शे-दोनशे लिटरच्या प्लांटचा तिथे निभाव लागणार नाही.

वास आणि धूर? वस्तीजवळ चालेल?

नाही. वस्तीजवळ नकोच.

बंद रिअॅक्टरमधून धूर येत नाही, हे कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात वास येतो तो झाकण उघडताना, काजळी काढताना, गॅस्केट गळताना. खरा धोका आगीचा आहे. रिअॅक्टर पुरता थंड न होता उघडला तर आतली वाफ हवेला भेटते. गरम काजळी हवेत स्वतःहून पेटते. म्हणून नायट्रोजनने आतली हवा घालवणं, वायूच्या वाटेवर आग उलटी येऊ नये म्हणून पाण्याचा अडसर, जास्तीचा वायू जाळायला फ्लेअर, हे सगळं कोटेशनमध्ये ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेलं असेल तर त्या विक्रेत्याला नमस्कार करून वाटेला लावा. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. तेलाचा हलका भाग त्या उन्हात टाकीच्या तोंडातून वाफ होऊन निघतो. टाकी सावलीत, वारा खेळता आणि ठिणगीपासून लांब.

काजळीचं काय करायचं हेही आधी ठरवा. प्लास्टिकच्या रंगांतले जड धातू तिच्यात गोळा होतात. तपासणी न करता ती शेतात किंवा विटांत घालू नये.

परवानग्या कोणत्या लागतात?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि मग चालवण्याची संमती. कारखान्यांच्या सुरक्षेचा कायदा लागू होत असेल तर औद्योगिक सुरक्षा संचालनालय. अग्निशमनाचा दाखला. तेलाच्या साठ्यासाठी पेसोचे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, नियम. त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. पेट्रोलियम नियमांत भडका बिंदूवरून वर्ग ठरतात. २३ अंशांखाली ‘अ’, २३ ते ६५ ‘ब’, त्यावर ९३ पर्यंत ‘क’. डिझेल ‘ब’मध्ये येतं, पण तुमचं न गाळलेलं तेल हलक्या भागामुळे ‘अ’मध्ये जाऊ शकतं आणि तिथे साठ्याच्या मर्यादा फार कडक आहेत. आधी भडका बिंदू मोजा, मग टाकी बांधा.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ स्थानिक संस्थांना सांगतात की प्लास्टिक, शक्यतो पुन्हा वापरात न येणारं, रस्ते, ऊर्जा किंवा तेलासाठी वापरायला उत्तेजन द्या. प्लास्टिक वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही क्रम तोच : पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण आधी, तेल नंतर.

सोलापुरात पाण्याचीच बोंब. प्लास्टिक धुवायचं कशाने?

धुवू नका. उजनीचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाला मिळणाऱ्या शहरात धुण्याचा टप्पा घालणं शहाणपणाचं नाही, आणि धुतल्यावर गढूळ पाणी सोडायचं कुठे हाही प्रश्न. आपल्याकडे ऊन फुकट आहे. फरशीवर पसरून वाळवायचं, फिरत्या चाळणीत झटकायचं. कोरडी माती बरीच गळते. ओलं प्लास्टिक रिअॅक्टरमध्ये घालणं म्हणजे आधी पाणी उकळायला इंधन जाळणं. कंडेन्सरला पाणी लागतं, पण ते फिरवून परत वापरता येतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्र्याची शेड पाहिजे.

तुळजापूर रोडला ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प झाला. भट्टीत प्लास्टिक जाळणारे सिमेंटवाले आहेत, प्लास्टिकचे रस्ते आहेत. मग हे आणखी का?

जैविक वायूच्या प्रकल्पाला सडणारा कचरा लागतो. प्लास्टिक ही त्याची अडचण असते, खुराक नसतो.

सिमेंटचा पर्याय मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सोलापूरच्या आसपासचे सिमेंट कारखाने क्लिंकर (भट्टीत भाजून आलेले सिमेंटचे खडे) दळणारे आहेत, त्यांच्याकडे भट्टी नाही. भट्ट्या कलबुर्गी भागात, वाडी-सेडमकडे आहेत. तिथे तापमान इतकं चढं असतं की चकचकीत पाकिटांसारखा निवडायला अवघड माल तेलापेक्षा तिकडे पाठवणं बरं. रस्त्यांसाठी मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांची पद्धत आहे. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा थर चढवून मग डांबर. त्यातही पीव्हीसी चालत नाही. म्हणजे निवडण्यातून सुटका कुठेच नाही.

कचरावेचकांच्या पोटावर पाय येईल का?

प्लांटवाल्याने भंगाराला भाव असलेलं प्लास्टिक उचललं तर येईल. भाव नसलेल्या पातळ पिशव्या किलोवर पैसे देऊन घेतल्या तर वेचणाऱ्या बायकांची कमाई वाढेल, कारण आज त्या पिशव्या त्या उचलतच नाहीत. प्लांटचा नफा निवडणाऱ्या हातांवर ठरतो, तेव्हा त्यांची मजुरी वाचवून धंदा चालवू पाहणाऱ्याचा रिअॅक्टर पेट आणि पीव्हीसीने बसेल. निवडीचं टेबल, हातमोजे, सावली आणि वजनाप्रमाणे रोख पैसे, एवढं तरी पहिल्या दिवसापासून पाहिजे.

हे पर्यावरणपूरक आहे का?

अर्धवट. एक किलो पॉलिथिनचं तेल शेवटी जाळलं की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. कचरा डेपोवर धुमसत जळण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, आणि तेवढं खनिज तेल वाचतं. पण पिशवी न वापरणं याच्याशी त्याची तुलना करू नये.

यंत्र घेताना विक्रेत्याला काय विचारू?

तुमच्याच शहराचा कचरा घेऊन त्याच्या चालू प्लांटवर जा. एक बॅच पाहून परत येऊ नका, लागोपाठच्या काही बॅचेस पाहा, कारण पहिली बॅच सगळ्यांचीच छान होते. आत गेलेलं वजन आणि बाहेर आलेलं तेल, काजळी, पाणी यांचं वजन लिहून घ्या. फरक राहील तो वायू. ती बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी गळती आहे, प्लांटमध्ये किंवा बोलण्यात. उत्प्रेरकाचा एक किलो किती किलो प्लास्टिकला पुरतो आणि त्याची किंमत काय, हे लेखी मागा. ‘गुप्त फॉर्म्युला’ असेल तर जन्मभर तो त्याच्याकडूनच घ्यावा लागेल. आणि दोन वर्षं प्लांट चालवलेल्या एखाद्या ग्राहकाला विक्रेत्याच्या गैरहजेरीत भेटा.

मुलाला विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग दाखवायचा आहे. जुन्या कुकरमध्ये करता येईल का?

अजिबात नाही. कुकरची रबरी रिंग या तापमानाला टिकत नाही, गळणारी वाफ बर्नरवरच पेट घेते.

त्याऐवजी निवडीचा प्रयोग करा, तो सुरक्षित आहे आणि परीक्षकांना जास्त शिकवून जाईल. घरातल्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे करा, पाण्यात टाकून ढवळा, चिकटलेले बुडबुडे जाऊ द्या. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतील, बाकीचं बुडेल. बुडलेले तुकडे मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात टाका. कडक पॉलिस्टायरिन आता वर येईल. पेट आणि पीव्हीसी तळालाच राहतील. थर्माकोल फुगवलेला असल्याने तो साध्या पाण्यातही तरंगतो, आणि खडू जास्त घातलेली गोणी पॉलिप्रॉपिलीनची असूनही बुडू शकते, हे मुलाला आधी सांगून ठेवा. परीक्षक नेमकं तेच विचारतील.